पिवळ्या कोटाचा ‘सिकंदर’ : शिंद्यांच्या फौजेत घडलेला जेम्स स्किनर

वाकड : वाकडहून पुणे शहर ओलांडून वानवडीला गेलं की महादजी शिंदे यांची छत्री लागते. महादजींनी उत्तरेत उभी केलेली कवायती फौज तेव्हा देशभर नावाजलेली होती. याच फौजेत जेम्स स्किनर नावाचा पोरगा शिपाईगिरी शिकला.

स्किनरचा जन्म १७७८ चा. वडील कंपनी सरकारचे स्कॉटिश अधिकारी, आई रजपूत. कलकत्त्याला छापखान्यात कामाला घातलं, तर तीन दिवसांत पळून गेला. आई हिंदुस्थानी म्हणून कंपनीच्या फौजेत त्याला अधिकारी होता येत नव्हतं. शिंद्यांकडे मात्र त्याला जागा मिळाली. महादजी तेव्हा वारले होते, गादीवर दौलतराव होते.

१८०० मध्ये राजस्थानात उनियाराच्या लढाईत गोळी लागून तो रणात पडून राहिला. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका म्हातारीनं जखमींना भाकरी-पाणी दिलं. शेजारी पडलेल्या रजपूत सुभेदारानं जातीपायी पाणी नाकारलं. स्किनर प्याला, जगला आणि पुढं त्या बाईला आई मानून त्यानं पैसे पाठवले.

१८०३ ला शिंदे-इंग्रज युद्ध पेटलं. स्किनरला शिंद्यांकडेच राहायचं होतं, पण फ्रेंच सेनापती पेराँनं त्याला काढून टाकलं. नाइलाजानं तो इंग्रजांकडे गेला, तेही जुन्या धन्याविरुद्ध लढणार नाही या अटीवर. दिल्ली पडल्यावर शिंद्यांकडचे बरेच स्वार इंग्रजांकडे आले आणि त्यांनी स्किनरलाच सरदार म्हणून मागितलं. त्यातून त्याचा रिसाला उभा राहिला. अंगात पिवळे कोट, म्हणून तो ‘पिवळा रिसाला’. लोक स्किनरला ‘सिकंदर साहेब’ म्हणू लागले.

कॅमेरा नव्हता. स्किनरनं दिल्लीचे चित्रकार गुलाम अली खान यांच्याकडून रिसाल्याची चित्रं काढून घेतली. १८२७ च्या चित्रात रिसाल्याचा दरबार आहे, तर १८२८ च्या चित्रात पाहणी करून परतणारा स्किनर. दोन्ही आज लंडनच्या लष्करी संग्रहालयात आहेत. साध्या स्वाराचा कोट, पागोटं, हत्यार कसं होतं, हे आज कळतं ते अशा चित्रांमुळंच. १८२५ मध्ये त्यानं निरनिराळ्या जाती आणि धंद्यांच्या लोकांचा सचित्र फारसी ग्रंथही तयार केला.

१८४१ मध्ये हरियाणातल्या हांसी इथं तो वारला. ज्याला अर्ध्या रक्तापायी कंपनीनं दारातून परत पाठवलं, त्याच्याच नावाचा रिसाला आज भारतीय लष्करात आहे. घोडे गेले, रणगाडे आले. स्किनरचं नाव तेवढं राहिलं.