ओसामू तेझुका : जीर्ण फितीतून हसवणारा चित्रकार

ऑगस्ट १९८५ मध्ये, अणुबॉम्बच्या संहाराला चाळीस वर्षे पूर्ण होत असताना, हिरोशिमात पहिला आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सव भरला. सर्वोच्च पारितोषिक मिळाले ते जेमतेम पाच-सहा मिनिटांच्या एका विनोदी चित्रपटाला. त्याचे नाव ‘ओन्बोरो फिल्म’, म्हणजे जीर्णशीर्ण चित्रफीत. आणि त्याचे कर्ते ओसामू तेझुका.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाका प्रांतातील टोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका गावी गेले. वडिलांनी घरी प्रोजेक्टर आणला होता. त्यावर चॅप्लिन आणि डिस्ने यांचे चित्रपट पाहत हा मुलगा वाढला. कीटकांचे वेड एवढे, की त्याने सहीतील नावाला ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडले.

पुढे युद्धाने शाळकरी मुलांनाही कारखान्यांत ओढले. एप्रिल १९४५ मध्ये, बॉम्बवर्षावाने होरपळलेल्या ओसाकातील एका जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहात तेझुका यांनी नौदलाच्या प्रचारासाठी काढलेला एक ॲनिमेशनपट पाहिला. प्रचाराआडची कोवळीक त्यांच्या मनाला भिडली आणि आपणही असा चित्रपट करायचा, असा निश्चय त्यांनी केला. जूनमधील हवाई हल्ल्यातून ते थोडक्यात बचावले.

युद्धानंतर ओसाका विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेताना ते चित्रकथा रेखाटत राहिले. डॉक्टरकीचा परवाना मिळाला, तरी दवाखाना थाटला नाही. ‘ॲस्ट्रो बॉय’ने नाव दिले, पैसा दिला, तो पैसा त्यांनी ‘मुशी प्रॉडक्शन’ या आपल्या ॲनिमेशन संस्थेत ओतला.

१ जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर येऊ लागला. सेकंदाला २४ चौकटी लागतात. तेझुका यांनी एकच चित्र तीन चौकटी धरून काम आठ चित्रांवर भागवले. तरीही भाग विकले जात ते खर्चापेक्षा कमी दराने. तूट भरून निघे चित्रकथांच्या कमाईतून. मालिका अफाट गाजली, परंतु त्या स्वस्ताईचे ओझे पुढे साऱ्या व्यवसायातील कलावंतांनी वाहिले, हा आक्षेप त्यांच्यावर आजही घेतला जातो. तो निराधार नाही. १९७३ मध्ये संस्थेचे दिवाळे निघाले आणि तेझुका कर्जात बुडाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘ब्लॅक जॅक’ या शल्यविशारदाच्या चित्रकथेने त्यांना सावरले. ‘बुद्ध’ ही प्राचीन भारतात घडणारी दीर्घ चित्रकथाही त्याच काळातली.

बाजाराची गणिते बाजूला ठेवून केलेले लघुपट हे मात्र त्यांचे खरे समाधान होते. ‘ओन्बोरो फिल्म’ हे जुन्या अमेरिकी मूकपटांचे विडंबन आहे. घोड्यावरचा नायक खलनायकाच्या तावडीतून नायिकेला सोडवू पाहतो, पण फीतच जुनाट! ओरखडे उमटतात, धूळ साचते, चौकट घसरते. नायकाला खलनायकाइतकेच या फितीशीही झुंजावे लागते आणि तिचा प्रत्येक दोष विनोदाला खाद्य पुरवतो. आयुष्यभर अपुऱ्या चित्रांत, अपुऱ्या पैशांत काम निभावलेल्या माणसालाच हा विनोद असा साधावा.

जठराच्या कर्करोगाने ग्रासल्यावर रुग्णशय्येवरही त्यांचे रेखाटन थांबले नाही. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘अरण्यकथा’ हा लघुपट अपुरा राहिला. त्याचा दुसरा भाग त्यांच्या मुलाने २०१४ मध्ये पुरा केला.