सरासरीशी भांडलेला माणूस

एम-फोरपुरतं स्टॅट्स घोकणाऱ्या आपल्याला डॉ. पां. वा. सुखात्मे माहीतच नसतात. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसन, मग लंडनची पीएच.डी. परत आल्यावर शेतातलं पीक मोजायला त्यांनी रँडम सॅम्पलिंग वापरलं. कापणीचा तुकडा फार छोटा घेतला तर कडेची रोपं आत येतात आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी दाखवून दिलं. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं ते रोमला, एफएओमध्ये.

खरी गंमत पुढेच आहे. १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी रोजच्या २२५० कॅलरींवर गरिबीची रेषा आखली. सुखात्म्यांचं म्हणणं, एकाच माणसाची गरजसुद्धा कमी-जास्त होते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण काही उपाशी नसतो. रेषा दोन स्टँडर्ड डेव्हिएशन खाली घ्या. झालं, उपाशी लोकांचा आकडा एकदम घसरला! दांडेकरांना ते कधीच पटलं नाही.

मला गणित पटतं. पण आमच्या धामणकर नाक्यावर रात्रपाळी करून चहा-पाव खाणारा लूम कामगार दिसतो, तेव्हा प्रश्न पडतो की याला रेषेच्या वर धरायचं की खाली? सुखात्मे नुसत्या धान्यावर थांबले नाहीत, हे मात्र मानायला हवं. पाणीच घाण असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते १९९७ साली पुण्यात जाईपर्यंत सांगत राहिले.