दस्तयेव्हस्की: मनुष्य मुळातच दुष्ट आहे काय?

गावात चोरी वा खून झाला म्हणजे चावडीवरील मंडळी अपराध्याकडे बोट दाखवून म्हणतात की, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मनुष्य मुळातच दुष्ट आहे, की परिस्थिती त्यास दुष्ट करिते, हा प्रश्न फार जुना आहे. ज्याने तो स्वतःच्या पायांत बेड्या असताना सोडवू पाहिला, अशा एका रशियन ग्रंथकाराचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

फ्योदर दस्तयेव्हस्की ह्याचा जन्म १८२१ साली मॉस्को येथे झाला. त्याचा बाप गोरगरिबांच्या इस्पितळात डॉक्टर होता. १८४६ साली ‘गरीब माणसे’ ही कादंबरी प्रसिद्ध होताच फ्योदरचे नाव झाले. पुढे तो अशा तरुणांत मिसळला, की ज्यांस समाजाची व्यवस्था सुधारली म्हणजे मनुष्यही सुधारेल, असे वाटे. सरकारने बंदी घातलेले लिखाण ते वाचीत. १८४९ साली त्या सर्वांस अटक झाली. डिसेंबरात त्यांस भर चौकात उभे करून देहान्ताची शिक्षा वाचून दाखविण्यात आली. पहिल्या तिघांस खांबांस बांधून बंदुकाही रोखल्या. आणि तेव्हाच झारने जीवदान दिल्याचे कळविण्यात आले. तो सारा देखावा आधीच ठरविलेला होता. दस्तयेव्हस्कीस चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली.

सैबेरियाच्या वाटेवर, तोबोल्स्क येथे, पूर्वीच्या राजकीय कैद्यांच्या पत्नींनी त्यास नव्या कराराची एक प्रत दिली. ओम्स्क येथील तुरुंगात चारही वर्षे ती त्याच्या उशाखाली असे. भोवती चोर, दरोडेखोर व खुनी होते. आपल्या कृत्याचा लवलेशही पश्चात्ताप न झालेली माणसे त्याने तेथे पाहिली. केवळ व्यवस्था बदलल्याने मनुष्य चांगला होईल, ही त्याची आशा तेथे ढासळली.

परंतु त्याच तुरुंगात त्यास दुसरीही गोष्ट दिसली, व ती त्याने १८७६ साली लिहून ठेविली. पुनरुत्थानाच्या सणात कैदी दारू पिऊन भांडत होते. त्यांचा वीट येऊन तो आपल्या फळीवर जाऊन पडला. तेव्हा त्यास नऊ वर्षांचा असतानाची एक आठवण झाली. रानात लांडगा आल्याचा भास होऊन तो किंचाळत पळाला, तो नांगर धरलेल्या मारेय नावाच्या शेतकऱ्यापाशी पोहोचला. मारेय हा त्याच्या बापाचा भूदास होता. त्याने पोराच्या गालावर हात फिरविला, मातीने भरलेल्या बोटाने त्याचे थरथरते ओठ हळूच स्पर्शिले व त्यास धीर दिला. पाहणारा कोणी नव्हता, बक्षिसाची आशा नव्हती. ही आठवण होताच दस्तयेव्हस्की फळीवरून उतरला आणि त्याच कैद्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागला. समोरचा तोंडावर डाग दिलेला, दारूने झिंगलेला मनुष्य कदाचित तसाच मारेय असेल, असे त्याच्या मनात आले.

१८५४ साली तो तुरुंगातून सुटला. १८६६ च्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ ह्या कादंबरीत एक शिकलेला तरुण, थोर पुरुषांस नियम लागू नाहीत असे मनाशी ठरवून, सावकारीण म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करितो. तोच तरुण जवळचे शेवटचे पैसे एका अनाथ झालेल्या कुटुंबास देतो. १८८० च्या ‘करमाझव बंधू’ ह्या कादंबरीत बापाचा खून एकाच्या हातून होतो, पण ज्यांनी तो मनात इच्छिला, त्यांसही आपला दोष झटकता येत नाही. सर्व दोष परिस्थितीवर टाकणे त्यास मान्य नव्हते; तसे केल्यास अपराध्याचे मनुष्यपणच आपण नाकारितो, असे त्याचे मत होते.

हे ज्ञान त्यास दुसऱ्यांस पाहूनच झाले असे नाही. जुगाराच्या नादाने त्याने पत्नीची लग्नाची अंगठीही गहाण टाकिली. १८७१ नंतर ते व्यसन सुटले. यहूदी लोकांविषयी त्याने शेवटपर्यंत अन्यायाचे लिहिले. दरोडेखोरात मारेय पाहणाऱ्यास तो यहूद्यात पाहता आला नाही, हे लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. मनुष्याच्या अंतःकरणात पाप किती खोल असते, ह्याचा तो स्वतःच एक दाखला होय.

१८८१ साली मरणाच्या दिवशी त्याच्या पत्नीने तुरुंगातलाच तो नवा करार त्यास वाचून दाखविला.

वाचकहो, सर्वांनी पाप केले आहे हे आपण दर रविवारी कबूल करितो, पण मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे हे चावडीवर गेल्यावर विसरतो. तुरुंगातून सुटलेला एखादा गावकरी उपासनेस आला, तर त्याच्या शेजारी कोण बसणार, हे आपण आजच ठरवून ठेवावे.