फिबिगर यांचे नोबेल आणि फसवी गाठ

डॉ. योहान्स फिबिगर यांचा जन्म 1867 मध्ये डेन्मार्कमध्ये झाला. घटसर्पावरील प्रतिविष एक दिवसाआड दाखल होणाऱ्या रुग्णांनाच देऊन त्यांनी 1896-97 मध्ये त्याचा गुण तपासला. औषधाची अशी काटेकोर तुलना तेव्हा नवीन होती.

1907 मध्ये क्षयाचा अभ्यास करताना त्यांना तीन उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या. गाठींत बारीक जंत होते. हे जंत झुरळांमार्फत पसरतात, हे त्यांनी एका साखर कारखान्यातील उंदरांवरून शोधले. जंत असलेली झुरळे खाऊ घातल्यावर निरोगी उंदरांनाही गाठी झाल्या. जंतामुळे कर्करोग होतो, असे त्यांनी 1913 मध्ये जाहीर केले. 1926 चे नोबेल त्यांना मिळाले. जानेवारी 1928 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना स्वतःला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता.

पुढे इतरांनी प्रयोग तपासले. उंदरांना पांढरा पाव दिला जाई, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व नव्हते. औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारातील गाजर-पालकातून ते आपल्याला मिळते. त्याच्या अभावाने आणि जंतांच्या त्रासाने जठराचे अस्तर जाड झाले होते. तो कर्करोग नव्हता.

अशी फसगत आजही होते. हत्तीरोगाच्या जंतामुळे स्तनात किंवा फीतकृमीमुळे स्नायूत झालेली गाठ कर्करोगासारखी भासू शकते. म्हणून गाठ दिसताच घाबरू नये आणि अंगावरही काढू नये. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, निदान त्यानंतरच.