कंत्राटदार जोतीराव

मुकुंदवाडीत सकाळी आठच्या आत रस्त्याच्या कडेला उभे राहावे. थापी, ओळंबा, घमेले, फावडे आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन बाया-माणसे कामाची वाट पाहत असतात. मुकादमाची मोटारसायकल थांबते, चार जणांकडे बोट होते, बाकीचे दहा वाजेपर्यंत ताटकळतात आणि घरी परततात. या शहराचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, किती मजले या हातांनी चढवले त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. इमारत पुरी झाली की कोनशिलेवर मंत्र्याचे नाव येते, फलकावर बिल्डरचे येते. कोनशिलेवर बिगाऱ्याचे नाव मी तरी आजवर वाचलेले नाही.

या नाक्यावरच्या किती जणांना ठाऊक असेल की महात्मा जोतीराव फुले हेही याच धंद्यातले होते? जयंतीच्या फलकांवर जोतीराव पागोटे घालून असतात, शेजारी सावित्रीमाई असतात, हातात पुस्तक असते. ते योग्यच आहे. 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारा माणूस पुस्तकानेच ओळखला जाणार. पण त्या शाळांना, घरातल्या अनाथांना, पुस्तकांच्या छपाईला पैसा कोठून येत होता, हा प्रश्न आपण विचारतच नाही. तो पैसा दगड, चुना आणि कंत्राटे यांतून येत होता. 1882 साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, त्यात नावाखाली आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली. महात्मा ही पदवी लोकांनी त्यांना 11 मे 1888 रोजी मुंबईत दिली. तोपर्यंत ते स्वतःला व्यापारी आणि शेतकरी म्हणवून घेत होते आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवण्याचे काम मिळाले आणि घराणे फुले झाले. 11 एप्रिल 1827 चा जन्म. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या तरुणाला सरकारी कारकुनी मिळणे अवघड नव्हते, पण त्याने ती वाट धरली नाही. 1863 च्या सुमारास ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याची एजन्सी घेतली, पुढे बांधकामाच्या मालाचा पुरवठा सुरू झाला. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी उभी राहिली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा मुठा-मुळेवरचा पूल, खडकवासल्याचे धरण आणि कालवा या कामांशी तिचे नाव जोडले जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जोतीरावांनी या कामांचे नकाशे काढले नाहीत. नकाशा गोऱ्या साहेबाचा असे. बंडगार्डनजवळचा तो पूल 1869 साली पुरा झाला, तो कॅप्टन सेलन या इंजिनिअरच्या नावावर आहे. खडकवासल्याचे धरण 1869 ते 1879 या काळात बांधले गेले आणि त्याच्या जलाशयाला नाव मिळाले ते कर्नल फाइफ या साहेबाचे. मग त्यांना वास्तुशिल्पी कसे म्हणावे? मी उलटा प्रश्न विचारतो. खाणीतून चिरा काढणारा वडार, तो घडवणारा पाथरवट, चुन्याची घाणी फिरवणारा, पाट्या वाहणारी बाई आणि या सगळ्यांना कामावर आणून माल वेळेवर पोहोचवणारा माणूस यांना वगळून केवळ कागदावर धरण उभे राहते काय? वास्तूचा इतिहास नकाशा काढणाराच का लिहितो, हा प्रश्नही वर्णव्यवस्थेचाच आहे. डोके वरचे आणि हात खालचे, ही जुनीच वाटणी आहे.

जोतीरावांना या धंद्यातून पैशापेक्षा मोठी गोष्ट मिळाली. सरकारी खाते आतून कसे चालते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. गोरा इंजिनिअर वर बसलेला, त्याला देशी भाषा धड येत नाही. खाली सगळे कारकून आणि ओव्हरसियर एकाच जातीचे. हजेरीपटावर माणसे कागदावर वाढतात, मोजमापात दगड घटतो, बिल मंजूर होण्याआधी वाटा काढून ठेवावा लागतो आणि साहेब निमूट सही करतो. इंजिनिअरिंग खात्यातील या कारस्थानांवर जोतीरावांनी आपल्या लेखनात कोरडे ओढले. ब्राह्मणशाहीवरची त्यांची टीका पुराणांपुरती होती असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यांनी पुराणे फाडली तशी बिलेही फाडून पाहिली.

हजेरीपटाचे दुखणे आमच्या घरालाही माहीत आहे. 1972 च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जात. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून आई संध्याकाळी कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढी. पगाराच्या दिवशी भिंतीवरच्या रेघा आणि मुकादमाच्या पटावरचे दिवस कधीच जुळले नाहीत. भिंत खरी होती, पण अंगठा पटावर लागत होता.

असो. जोतीरावांच्या भोवती जी माणसे जमली त्यांतही बांधकामवाले पुष्कळ होते. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. मुंबईत त्याला बळ दिले ते व्यंकू बाळाजी कालेवार, जाया कराडी लिंगू यांच्यासारख्या तेलुगू भाषक कंत्राटदारांनी. कामाठीपुरा हे नाव ज्या कामाठ्यांवरून पडले, त्याच तेलंगणातून आलेल्या मजुरांच्या समाजातून ही मंडळी वर आली होती. मुंबईच्या दगडी इमारती पाहायला पर्यटक येतात, त्यांना हे कुणी सांगत नाही.

आता कालव्याचे पाहा. ज्या खडकवासल्याच्या धरणाला जोतीरावांनी माल पुरवला, त्याच्या पाण्याचा शेतकऱ्याला किती उपयोग झाला हेही त्यांनीच तपासले. 1883 साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते पाटबंधाऱ्यांच्या कारभाराची झडती घेतात. पाणीपट्टी शेतकरी भरतो, पण पिकाला हवे तेव्हा पाणी मिळत नाही, म्हणून पाणी मोजून मिळावे यासाठी प्रत्येक शेतकऱ्याला तोटी बसवून द्यावी अशी सूचना ते करतात. डोंगर-उतारावरचे पावसाचे पाणी जागोजागी ताली-बंधारे घालून शेतात मुरवावे आणि रिकाम्या बसलेल्या पलटणीतल्या शिपायांना त्या कामाला लावावे, असे ते सांगतात. पाणाड्यांकडून जमिनीतले झरे शोधून त्यांच्या खुणा नकाशावर नोंदवाव्यात, असेही सुचवतात. ज्याला नकाशे काढू दिले नाहीत त्याने देशाच्या पाण्याचा नकाशा मांडला तो असा. ज्या शहरात आठवड्यातून एकदा नळ येण्याचे दिवस आपण पाहिले, त्या शहरात हे पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो.

1876 पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. कंत्राटदार असून बांधकामाला विरोध करणारा असा सभासद विरळाच! व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये उडवायचे ठरले तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधाचे मत एकट्या जोतीरावांचे पडले. लाखो रुपये घालून भव्य मंडई बांधण्याचा बेत आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असा त्यांचा आग्रह होता. मंडई 1886 साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नाव महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिच्यावर त्यांचे नाव आहे, आणि जिचा दगड त्यांनी पुरवला त्या धरणावर नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे ते जुने धरणही टिकले नाही.

जोतीरावांचे काय टिकले हे बाबासाहेबांनी ओळखले होते. शूद्र पूर्वी कोण होते याचा शोध घेणारा आपला ग्रंथ त्यांनी 1946 साली जोतीरावांच्या स्मृतीला अर्पण केला. पुढे 1951 साली या आपल्याच शहरात मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली.

कंत्राटातून मिळालेला पैसा जोतीरावांनी साठवला नाही. 1888 साली अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. घरात औषधपाण्याची ओढाताण होती. मामा परमानंदांनी त्यांच्यासाठी सयाजीराव गायकवाडांकडे मदतीचा शब्द टाकला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. आपला देह मिठात पुरावा असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते आणि त्यासाठी घरामागे खड्डाही तयार होता. ज्या नगरपालिकेचे ते सभासद होते, तिने वस्तीत दफनाला परवानगी दिली नाही. दहन करावे लागले. टिटवे सावित्रीमाईंनी हाती धरले. नंतर अस्थी आणून घरामागच्या त्याच जागी ठेवल्या आणि वर समाधी बांधली. पुण्याच्या गंज पेठेत ती आहे. 1868 साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौदही त्याच घराचा.