अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. त्या काळी मुली फारशा शिकत नसत. पण ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या.

पुढे त्या गुजरातमध्ये राजकोटला शिक्षिकांच्या कॉलेजात मुख्य झाल्या. तेव्हा भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर होते. तिथे छडी नव्हती. मुले खेळत खेळत शिकायची. ते ताराबाईंना फार आवडले. त्यांनी मोठी नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला.

पण खेड्यातल्या पोरांचे काय, असे त्यांना सारखे वाटे. म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावाला आल्या. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दोघींनी बालवाडी सुरू केली. पण गरिबांची मुले येईचनात. मग ताराबाईंनी काय केले? त्या मुलांवर रागावल्या नाहीत. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांकडे न्यायची, असे त्यांनी ठरवले. बाई वस्तीत जायच्या, पोरांना आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या, अंगणात बसवून गाणी गोष्टी सांगायच्या. तीच अंगणवाडी.

शहरातल्या बालमंदिराची खेळणी महाग असत. ताराबाईंनी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले घेतली. त्यांनीच मुले मोजायला, रंग आणि आकार ओळखायला शिकली. म्हणजे गणित आणि विज्ञान फुकटात झाले.

१९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. ते आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे वारली लोकांचे पाडे आहेत. तिथली मुले गुरे राखायला जात. मग कुरणातच शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर केले, म्हणजे मोठ्या बहिणीला शिकता येई.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या.

बाईंनी हे सांगितले तेव्हा मला माझी मैत्रीण आठवली. ती आमच्याच वर्गात आहे. पण तिची आई मजुरीला जाते आणि घरी लहान भाऊ आहे, म्हणून दिवाळीपासून ती शाळेत येत नाही. आधी आम्ही तिला आळशी म्हणायचो. ते चुकलेच आमचे. आता मी रोज संध्याकाळी पाटी घेऊन तिच्या अंगणात जाते. आम्ही चिंचोके मांडून पाढे करतो. परवा परातीत पाणी घेऊन बघितले. पान तरंगले, करवंटी तरंगली, खडा आणि चिंचोका बुडाला. तिचा भाऊपण टाळ्या वाजवत होता. तिने पाटीवर ते सगळे लिहिले. एकच चूक झाली.

बाई म्हणाल्या की सोमवारी तिने भावाला घेऊनच शाळेत यावे. आम्ही त्याला पाळीपाळीने सांभाळणार आहोत.

ताराबाईंना माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी