गोखल्यांचे हरलेले विधेयक

गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षण विधेयक १९ मार्च १९१२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. असेच होणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, कारण सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत होते. तरीही दोन दिवस चाललेल्या चर्चेत विरोधकांच्या आक्षेपांचा त्यांनी शांतपणे परामर्श घेतला.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेले गोखले मूळचे शिक्षक. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलपासून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत, १९०२ मध्ये निवृत्त होईतो, त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल तो विषय शिकवला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून वापरले गेले. आकडे तपासल्यावाचून विधान करायचे नाही, ही शिस्त त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लावली. तिची किंमतही त्यांनी मोजली. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगबंदोबस्ताच्या गोऱ्या सैनिकांवर त्यांनी इंग्लंडमध्ये गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनीच त्यांना फार बोल लावले. त्यांच्या पुढील भाषणांतला काटेकोरपणा त्या मानहानीतूनही आला असावा, असे मला वाटते.

मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि विचार करण्याचे सरकारी आश्वासन मिळताच तो मागे घेतला. वर्षभरात पुरेसे काही घडले नाही, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी ते विधेयक घेऊनच उभे राहिले. त्यातील मागणी माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी, तीही स्थानिक संस्थेची इच्छा आणि सरकारची पूर्वसंमती असेल तेथेच, सक्ती लागू व्हायची. खर्चाचा दोनतृतीयांश वाटा सरकारने उचलावा आणि दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, अशी योजना होती. मुलींचा विचार पुढे व्हायचा होता.

विधेयक वर्षभर प्रांतोप्रांती मतांसाठी फिरले. शेतावर मजूर मिळणार नाहीत ही जमीनदारांची भीती तर होतीच; पण खरा विचार करायला लावणारा आक्षेप दर्जाचा होता. प्रशिक्षित शिक्षक नाहीत, इमारती नाहीत. आहेत त्या शाळा आधी सुधारा, मग वाढवा, असे विरोधक म्हणत. आधी निरक्षरता हटवावी, दर्जाचा प्रश्न त्यानंतरचा, असे गोखल्यांचे उत्तर होते. इंग्लंडने १८७० च्या कायद्यापासून आणि जपानने १८७२ पासून कशी वाटचाल केली, बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्ती कशी लागू केली, हे दाखले त्यांच्या बाजूने होते. कोट्यवधी मुले शाळेबाहेर असताना त्यांचा क्रम मला योग्यच वाटतो. मात्र वाईट शिकवण्याने मूल शाळेत असूनही कोरे राहते, ही शंका या उत्तराने मिटत नाही. अठरा वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला ती जाणवली नसेल, असे म्हणवत नाही.

पराभवाचा त्यांनी त्रागा केला नाही. आपल्या पिढीने अपयशातूनच देशसेवा करायची आहे, अशी त्यांची धारणा होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. बालाघाटसारखे जंगलपट्ट्यातील जिल्हे ज्यात मोडत, त्या मध्य प्रांतानेही १९२० मध्ये तसा कायदा केला. तेथेही सक्ती लागू करायची की नाही, हे स्थानिक संस्थांवरच सोडलेले होते.